आमची टाकी का वाहत होती?



गेले तीन आठवडे इथे काही लिहिले नाही. दोघा-तिघांनी प्रकृतीची चौकशी केली, त्यांचे आभार. प्रकृती उत्तम आहे, गुडघे सोडले तर तक्रार नाही. बिघडली होती ती आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. आता तुम्ही म्हणाल, टाकी बिघडली यात लिहिण्यासारखे ते काय? मलाही आधी तसेच वाटले होते. पण छत्तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बाईच्या हाती साधी तोटी दिली तरी ती तिची वंशावळ काढत बसते, हे आमच्या घरचे सगळे जाणून आहेत. या वेळी मात्र वंशावळ काढता काढता मी माझ्याच घरात येऊन पोचले, आणि जे आठवले ते आजवर कुठे लिहिले नव्हते, कुणाला सांगितलेही नव्हते. म्हणून लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी टाकीचे सांगते. आमचे घर पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची आणि गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. पहाटे नळाला जोर असतो, त्या जोरावर पाणी थेट गच्चीपर्यंत चढते. पंप लागत नाही. या गोष्टीचा मला उगीचच अभिमान होता. टाकीत पाणी आले की बॉलकॉकचा गोळा वर तरंगतो, टाकी भरली की त्याच्या दांडीने पाण्याचे तोंड बंद होते. आपण झोपलेलो असतो आणि वर सगळे आपोआप चाललेले असते.

एके दिवशी मागच्या खोलीच्या भिंतीला हाताएवढा ओलीचा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो परातीएवढा झाला. बाहेर जाऊन पाहिले तर टाकीच्या जास्तीच्या पाण्याचा जो पाइप खाली सोडला आहे, त्याच्याखाली जास्वंदीच्या आळ्यात तळे साचलेले. म्हणजे टाकी भरून वाहत होती.

प्लंबरला बोलावले. तो आला सकाळी अकराला. टाकीत डोकावला, गोळा हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला. (गोळ्याला चीर जाऊन आत पाणी शिरले तर तो तरंगत नाही, आणि हलवला की आत पाणी डुचमळते. हे मला त्या दिवशी कळले.) गोळा ठीक होता. मग त्याने आतला रबरी वायसर काढून दाखवला. तो चपटा होऊन त्याला खाच पडली होती. "हेच कारण बाई," तो म्हणाला आणि नवा वायसर घालून गेला. दोन दिवसांनी डाग परत ओला. मग त्याने पूर्ण बॉलकॉकच बदलला, पितळी बसवला. तिसऱ्या दिवशी जास्वंदीखाली पुन्हा तळे!

प्लंबर प्रामाणिक होता, पण त्याची अडचण अशी की तो दिवसा यायचा आणि दिवसा टाकी मुळीच वाहायची नाही. रोग्याला ताप रात्री चढावा आणि डॉक्टर दुपारी यावा, तसला प्रकार.

शेवटी मी आमच्या धाकट्या बंधूंना बोलावले. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत, पण वर्कशॉप त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. म्हणाले, "ताई, वाहतेय तेव्हाच बघायला पाहिजे. उद्या पहाटे वर जायचं." आणि आम्ही दोघे, मिळून वय वर्षे एकशे सेहेचाळीस, पहाटे पाचला बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. मी कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत.

टाकी वाहत होती. पाइपमधून पाण्याची चांगली बोटभर धार. बंधूंनी झाकण काढले आणि मला बॅटरी धरायला सांगितली. त्यांनी आधी बॉलकॉकचे तोंड पाहिले. ते कोरडे! गोळा वर, दांडी आडवी, तोंड घट्ट बंद, एक थेंबही येत नाही. तरीही टाकी भरतेच आहे. मी म्हटले, "अरे, मग पाणी येतंय कुठून?" त्यांनी बॅटरी माझ्या हातातून घेऊन उजेड तळाशी टाकला. टाकीच्या बुडाजवळ, जिथून पाणी खाली घरात उतरते त्या भोकाशी, पाणी हलत होते. झऱ्याला उमाळा फुटावा तसे ते खालून वर येत होते.

ज्या वाटेने पाणी खाली जायचे, त्याच वाटेने ते वर चढत होते.

बंधूंनी टाकीखालचा कॉक बंद केला. दोन-तीन मिनिटांत पाइपची धार बारीक झाली, मग ठिबकली, मग थांबली. आता दुखणे वर नाही, खाली घरातच आहे हे नक्की झाले. खाली येऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली डोके घातले आणि तिथूनच विचारले, "ताई, हा मधला कॉक कुणी उघडलाय?"

आमच्या ओट्याला दोन नळ आहेत. एक टाकीचा, धुण्याभांड्यांचा. दुसरा पिण्याच्या पाण्याचा, थेट रस्त्यावरच्या नळाचा. दोन्हींच्या मध्ये एक जोड आहे आणि त्यावर कॉक आहे. तो नेहमी बंद ठेवायचा असतो. गेल्या महिन्यात घरी पाहुणे होते, दुपारी पिण्याच्या नळाचे पाणी गेले, तेव्हा टाकीचे पाणी तिकडे यावे म्हणून तो कॉक मीच उघडला होता. पाहुणे गेले. कॉक तसाच राहिला. मग रोज पहाटे रस्त्यावरच्या नळाला जोर आला की ते पाणी त्या जोडातून टाकीच्या उतरत्या पाइपात शिरायचे आणि खालून वर चढून टाकी ओसंडायची. वर बिचारा बॉलकॉक आपले काम चोख करत होता. दोन वेळा त्याला विनाकारण शिक्षा झाली.

वर्गात असे कितीदा झाले असेल, असे मनात येऊन गेले. असो.

कॉक बंद केला, आणि टाकी वाहायची थांबली. गोष्ट इथे संपायला हवी होती.

त्याच दिवशी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी मोठ्या उत्साहाने ही हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि भांडी घासता घासता म्हणाल्या, "व्हय, मला ठावं हुतं. पंधरा दिस वाहतीया."

मावशी पलीकडच्या टेकडीच्या उतारावर वस्तीत राहतात. तिथे पाणी पहाटे तासभर येते. उंचावर असल्याने जोर नसतो, कधी कधी तासाचा अर्धा तास होतो. हंडे लावून झाले की त्या पहिल्या कामाला निघतात, तेव्हा आमच्या घरावरून जातात. त्यांना रोज पाण्याची धार ऐकू येत होती. मी विचारले, "मग मला सांगितलं का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "सांगून काय करायचं बाई? पानी तुमचं."

बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्या पुढचे भांडे घासायला लागल्या आणि मी तिथेच उभी राहिले.

मास्तरकीची सवय अशी की मन अस्वस्थ झाले की मी हिशोब मांडते. पहिल्या दिवशी बंधूंनी धारेखाली बादली लावली होती. पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला तीन लिटर, तासाला एकशे ऐंशी. पहाटेचे तीन तास धरले तर पाचशे चाळीस लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे आपल्याकडचे सरकारी मान आहे. भागाकार करून पाहा, बरोबर चार येतात. रोज चार माणसांचे पाणी मी जास्वंदीला घालत होते. माझ्या टाकीचेच पाणी मावशींच्या हंड्यात गेले असते असे नाही, एवढे भाबडेपण माझ्यातही नाही. पण नळाचे जाळे एकच असते. खाली कुठे जोर मोडला की वर कुठेतरी धार बारीक होते.

आणि मग माझी नेहमीची खोड सुरू झाली. टाकीला ती भरली हे कळते कसे, आणि न कळले तर वरचे पाणी जाते कुठे? हे दोन प्रश्न माणसाला कधीपासून पडले आहेत?

पहिला प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबिओस नावाचा एक यंत्रज्ञ होऊन गेला. त्याने पाण्याची घड्याळे केली. अशा घड्याळात पाणी एका ठरलेल्या वेगाने ठिबकायला हवे, आणि त्यासाठी वरच्या भांड्यातली पातळी कायम राहायला हवी. त्याचे स्वतःचे लिखाण उरलेले नाही. पण रोमन लेखक विट्रुव्हियसने दिलेल्या माहितीवरून अभ्यासक असे मानतात की त्याने भांड्यात एक तरंगता तुकडा ठेवला होता. पाणी वाढले की तो वर जाऊन येणारे तोंड बंद करी, कमी झाले की खाली येऊन उघडी. म्हणजे आमच्या गच्चीवरच्या गोळ्याचा हा खापरपणजोबा! पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी चमत्कारिक यंत्रांचे पुस्तक लिहिले, त्यातही तरंगत्या झडपा आहेत. १७६५ मध्ये रशियात सैबेरियातल्या बर्नाऊल इथे पोल्झुनोव्हने वाफेच्या इंजिनाच्या बाष्पकात पाण्याची पातळी राखायला तरंगता गोळा वापरला. आणि १७९० मध्ये मेक्सिकोत होसे आंतोनियो आल्साते या धर्मगुरू असलेल्या विद्वानाने आपल्या नियतकालिकात तरंगत्या झडपेचे वर्णन छापले. घरच्या बॉलकॉकचे श्रेय पुष्कळदा त्याला देतात.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र अलेक्झांड्रियाला जायची गरज पडली नाही. त्याचे उत्तर आमच्या पायाखालून गेलेले आहे.

पुण्याच्या लोकांना कात्रजची पाणीयोजना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या घाटाखाली आंबील ओढ्यावर बांध घालून तळी केली आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा बंदिस्त पाट जमिनीखालून आणला. तो इतका मोठा की माणसाला आत शिरून साफ करता यावा. मध्ये मध्ये गाळ बसण्यासाठी जागा ठेवल्या आणि हवा खेळण्यासाठी वर उच्छ्वास बांधले. पंप नाही, इंजिन नाही. कात्रज उंच, शहर सखल, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार. पेठांमध्ये ठिकठिकाणी हौद बांधून त्यांत हे पाणी सोडले. शुक्रवारातला काळा हौद, सदाशिव पेठ हौद ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत.

या योजनेत तोटी पिळून पाणी बंद करायचे, अशी आपली रीत नव्हती. पाणी अखंड वाहायचे. एक हौद भरला की ते पुढच्या वाटेला लागायचे. म्हणून 'टाकी भरून वाहिली' ही तक्रार तिथे फारशी कुणाला सुचलीच नसती. भरून वाहणे हाच तर हौदाचा धर्म!

तक्रार सुरू झाली ती घरोघरी नळ आल्यावर. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास झाले, हळूहळू नळ आले. मग वस्ती वाढली, पाणी दिवसभर पुरेना, ते ठरावीक वेळी येऊ लागले. जे ठरावीक वेळीच येते ते माणूस साठवतो. आधी पिंप, मग सिमेंटची टाकी, मग गच्चीवरची काळी टाकी. पेठेचा एक हौद होता, त्याचे हजारो छोटे हौद झाले आणि प्रत्येकाला झाकण आले. हौद भरला की पाणी शेजाऱ्याकडे जायचे, टाकी भरली की ते जास्वंदीत जाते.

इथवर लिहून मी खूश होते. लेखाचा शेवटही सुचला होता: 'पूर्वजांना वाटून घेणे ठाऊक होते, आपण ते विसरलो.' टाळ्या मिळणारे वाक्य. संमेलनात कितीतरी जणांनी म्हटले असेल. रात्री दिवा मालवला आणि मावशींचे वाक्य पुन्हा कानात आले. पाणी तुमचं. आणि एकदम आमचा वाडा आठवला.

माझा जन्म १९५० चा, शुक्रवार पेठेतला. वाड्याच्या मागच्या चौकात दगडी हौद होता. माझ्या लहानपणी त्यात महापालिकेच्या नळाचे पाणी सोडलेले असे. त्याला ना गोळा ना झडप. सकाळी नळ आला की हौद भरायचा आणि काठाशी कोरलेल्या पन्हळीतून जास्तीचे पाणी चौकाबाहेर गटारात जायचे. तास-तासभर जायचे. त्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडणे हा आमचा उद्योग.

वाड्यात तेव्हा टोपलीचे संडास होते. ते साफ करायला मागच्या बोळातून एक बाई येत. काम झाले की त्या बोळाच्या दाराशी डबा ठेवून उभ्या राहत. घरातल्या कुणीतरी तांब्याने वरून पाणी ओतायचे. कुणी मोकळे नसेल तर त्या थांबत. कधी बराच वेळ थांबत. आणि त्या जिथे उभ्या असत तिथून चार हातांवर, पन्हळीचे पाणी गटारात पडत असे.

मी आठ वर्षांची असेन. आजीला विचारले, "त्या तिथलं का नाही घेत? वाहूनच तर चाललंय."

आजी म्हणाली, "वाहून गेलं तर पाणीच जातं. हात लागला तर हौद जातो."

आजी दुष्ट नव्हती. उन्हाळ्यात रस्त्यावरच्या कुणालाही गूळपाणी दिल्याशिवाय ती जाऊ देत नसे, फक्त कुणाला तांब्या हातात द्यायचा आणि कुणाला वरून ओतायचे हे तिचे ठरलेले होते. मी तिच्यावर अतोनात प्रेम केले आणि आजही करते. पण ते वाक्य तिचेच आहे. त्यानंतर मलाही पाणी ओतायला सांगू लागले. माझा हात लहान, तांब्या जड. अर्धे पाणी डब्याबाहेर सांडायचे. त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्यांचे नाव काय, हे मला कधीच कळले नाही, कारण मी कधीच विचारले नाही.

हे झाले १९५८ च्या आसपास. आता जरा तारखा मांडते, तारखा मांडण्यात मी आयुष्य घालवले आहे. आमच्या वाड्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर गंज पेठेत महात्मा फुल्यांचे घर. त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ मध्ये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला १९२३ मध्ये. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला. राज्यघटना आली १९५० मध्ये, माझ्याच वयाची आहे ती. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला १९५५ मध्ये. आणि १९५८ मध्ये, जोतीरावांच्या हौदापासून वीस मिनिटांवर, नव्वद वर्षांनी, आमच्या हौदाचे पाणी गटारात जात होते आणि एक बाई रिकामा डबा घेऊन उभी होती.

मी हा धडा छत्तीस वर्षे शिकवला. '१८६८, हौद खुला केला', दोन गुणांचा प्रश्न. मुलांकडून सन पाठ करून घेतला. आमच्या चौकातली गोष्ट मात्र एकदाही वर्गात सांगितली नाही. आठवत नव्हती असे म्हणता येणार नाही.

आणखी एक आठवण याच्याच शेजारची आहे. १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. आमच्या भागात पूर शिरला नाही, पण नळ कोरडे पडले. त्या दिवसांत वाड्यांमधल्या विहिरी आणि कात्रजचे जुने हौद पुन्हा कामाला आले. आईबरोबर मी कळशी घेऊन हौदावर जात असे. केवढी गर्दी! त्या गर्दीत कुणी कुणाला जात विचारल्याचे मला आठवत नाही. मी पाहिले तेवढ्यापुरतेच सांगते. सगळ्यांचे हात एकाच पाण्यात होते, आणि हौद कुठे गेला नाही, तिथेच राहिला. मग काही दिवसांनी नळ परत आले आणि त्यांच्याबरोबर आमच्या चौकातले नियमही परत आले. अकरा वर्षांच्या मुलीला यात काही विचित्र वाटायला हवे होते. वाटले की नाही, आज सांगता येत नाही.

म्हणून ते टाळ्यांचे वाक्य मी खोडून टाकले. पूर्वजांचा हौद वाहता होता हे खरे. बांधणी उत्तम होती, तीही मान्य. पण भरल्यावर पाणी कुठे जाईल हे उतारावर ठरते आणि ते कुणाला घेता येईल हे माणसांवर ठरते. या दुसऱ्या गोष्टीला ना गोळा आहे ना झडप.

आता टाकीची उरलेली गोष्ट. कॉक बंद केल्यावर बंधू म्हणाले की एवढ्यावर भागायचे नाही. पिण्याच्या नळाच्या लायनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यायला हवा, म्हणजे ज्यातून पाणी एकाच दिशेने जाते अशी झडप. मी विचारले, कॉक तर बंद केला, मग कशाला? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला नवीन होते. म्हणाले, "पहाटे जोर असतो तेव्हा रस्त्याचं पाणी तुझ्या टाकीत चढतं. पण दुपारी रस्त्याची लाइन रिकामी असते तेव्हा काय होतं? तुझ्या टाकीचं पाणी त्याच वाटेनं उलटं उतरून रस्त्याच्या लायनीत जाऊ शकतं. टाकी किती महिन्यांत धुतली नाहीस?" मी गप्प. "ते पाणी पुढे कुणाच्या तरी घरी पिण्याच्या नळाला जातं."

मंडळी, आजीला आयुष्यभर भीती होती की बाहेरचा हात लागून घरचे पाणी बाटेल. आणि तिच्या नातीच्या घरातून, एका उघड्या कॉकवाटे, न धुतलेल्या टाकीचे पाणी महिनाभर दुसऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळत होते, निदान मिसळू शकत होते. खरी घाण अशी असते. ती जातीवरून येत नाही आणि ती कोणत्या दिशेने वाहील हे सांगता येत नाही.

झडप बसवली. टाकी धुवून घेतली. नंतर एका पहाटे बंधू आणि मी आमच्या गल्लीत फेरी मारली. अकरा घरांपैकी तीन टाक्या वाहत होत्या. तिघांनाही सांगितले. एकांना राग आला, दोघांनी दुरुस्त करून घेतल्या.

तुमच्याकडे टाकी वाहत असेल तर एवढे करा. वाहत असेल तेव्हाच वर जा, नंतर जाऊन उपयोग नाही. आधी गोळा हाताने वर उचलून धरा. तोंडातून येणारे पाणी थांबले तर झडप ठीक आहे, दोष गोळ्यात किंवा दांडीत आहे. गोळा काढून हलवून पाहा, दांडी टाकीच्या भिंतीला अडकत नाही ना ते पाहा, गोळा थोडा खाली बसवून घ्या. उचलूनही पाणी येतच राहिले तर वायसर गेला आहे किंवा तोंडात खडा-क्षार अडकला आहे. आणि तोंड कोरडे असूनही टाकी वाहत असेल, तर वर शोधू नका. खाली या आणि कोणता कॉक आपण स्वतः उघडून विसरलो ते आठवा.

मावशींना मी म्हटले, "पुन्हा कधी धार ऐकू आली तर बेल वाजवा. पहाटे चार वाजले असले तरी."

त्या हसल्या. म्हणाल्या, "वाजवीन की."

अजून तरी वाजवावी लागलेली नाही. पण पहाटे जाग आली की मी पडल्या पडल्या कान देऊन ऐकते. आणि डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या बाईंचे नाव आता कुणाला विचारावे, हे मला सुचत नाही. वाडा पडला, हौद बुजला, वाड्यातली मोठी माणसे एकेक करून गेली. आमच्या नात्यातल्या कुणाला ते नाव आठवत असेल, तर जरूर कळवा.